जुन्या धाटणीचा मासेमारी-पोशाख जुळवताना

माळ्यावरील आजोबांच्या लोखंडी पेटीत पितळी जोडांची, बांबूच्या पट्ट्या एकमेकींस चिकटवून केलेली गळकाठी सापडली, किंवा एडिंबरोच्या मुक्कामात जुन्या कपड्यांच्या दुकानात एक जाडजूड लोकरी कोट हाती लागला, आणि आता डोक्यापासून पायापर्यंतचा साज त्याच धाटणीने पूर्ण करून नदीवर जावे अशी इच्छा झाली. परंतु कोणती वस्तू जुनी घ्यावी, कोणती नवी घ्यावी, विक्रेत्याच्या शब्दावर कितपत विसंबावे आणि पेटीतील कोणती चीज कायद्याच्या कचाट्यात आणील, याचा काही उलगडा होत नाही, अशा आशयाची विचारणा वाचकांकडून वरचेवर होत असते. त्या सर्वांस एकत्र उत्तर द्यावे, या हेतूने पुढील मजकूर लिहिला आहे.

येथे साज म्हणजे ब्रिटिश बेटांत ट्राउट मासा कृत्रिम माशीने पकडणाऱ्यांचा, सुमारे १९२० ते १९६० या काळातील पोशाख व सामान असे समजावे. या साजाशी आपला संबंध केवळ हौसेचा नाही. ट्राउटची अंडी १९०० साली काश्मिरात आणि १९०९ साली कुलूच्या खोऱ्यात आली, आणि माशापाठोपाठ त्याला पकडण्याची रीत व त्या रीतीचा पोशाखही हिमालयात रुजला. त्यामुळे इंग्लंड-स्कॉटलंडात राहणाऱ्या वाचकांइतकाच हा विषय पुण्या-मुंबईहून पहलगामला किंवा हिमाचलातील तीर्थन नदीच्या काठी जाणाऱ्यांचाही आहे.

आधी पाणी ठरवा, मग कापड

बहुतेकांची चूक येथेच होते. ते आधी कोट विकत घेतात आणि मग तो घालून जावे कोठे याचा विचार करतात. वास्तविक हा पोशाख शोभेसाठी जन्मलेला नसून थंड पाण्याशेजारी आठ-आठ तास उभे राहता यावे यासाठी जन्मलेला आहे, आणि त्याचा प्रत्येक तपशील त्या त्या पाण्याने ठरविला आहे. दक्षिण इंग्लंडातील टेस्ट आणि इचेन या चुनखडीच्या झऱ्यांतून निघणाऱ्या संथ, स्फटिकासारख्या नद्यांवर बहुधा काठावरूनच गळ टाकतात, आणि कित्येक ठिकाणी पाण्यात उतरण्यास मनाई असते. तेथे लांब कोट आणि साधे चामडी बूट चालतात. स्पे किंवा ट्वीडसारख्या रुंद स्कॉटिश नदीत माणूस कमरेइतक्या पाण्यात उभा राहतो, म्हणून तेथे कोट आखूड हवा, नाहीतर त्याची कड भिजून पाणी वर चढते. काश्मिरातील लिद्दरचे पाणी बर्फाचे, पण डोक्यावरचे ऊन डोंगरी आणि प्रखर. तेथे पहाटेची लोकर दुपारी अंगावरून उतरवून पिशवीत ठेवता आली पाहिजे. म्हणून खरेदीपूर्वी स्वतःस विचारावे:

- गळ काठावरून टाकायचा आहे की पाण्यात उभे राहून?
- महिना कोणता, आणि पाऊस कितपत संभवतो?
- साज वर्षातून किती दिवस प्रत्यक्ष वापरायचा आहे?
- की तो नाटकासाठी अथवा छायाचित्रासाठीच हवा आहे? तसे असल्यास पुढे सांगितलेल्या बऱ्याच कसोट्या सैल करण्यास हरकत नाही.

जुने काय, नवे काय

माझा नियम असा की, जी वस्तू दगा देईल तर फक्त पैसे जातील ती जुनी घ्यावी, आणि जी दगा देईल तर माशाचा किंवा माणसाचा जीव जाईल ती नवी घ्यावी. या नियमाने लोकरी कोट, विजार, टोपी, कॅनव्हासची अथवा चामड्याची पिशवी, वेताची मासे ठेवण्याची टोपली, धातूचे रीळ आणि नीट तपासलेली काठी ही जुनी चालतात. पाण्यात उतरण्याचे रबरी पायघोळ, बुटांचे तळ, दोरी, तिच्या टोकाचा बारीक धागा, गळ आणि जाळी ही मात्र नवीच असावीत. जुने रबर बाहेरून धड दिसते आणि घडीच्या जागी आतून तडकलेले असते. ओढ्याच्या मध्यभागी ते फाटले म्हणजे पायघोळात पाणी भरते आणि माणसाला हलता येत नाही. नव्या पायघोळावरही कमरेचा पट्टा बांधल्यावाचून पाण्यात पाऊल टाकू नये. नव्या वस्तूने साजाची शोभा उणावते असे वाटत असेल, तर ऑलिव्ह रंगाचे साधे पायघोळ घ्यावे. दहा पावलांवरून त्याचे वय कोणास कळत नाही.

लोकरी कोट: साजाचा कणा

येथे थोडे रेंगाळणे अवश्य आहे, कारण पैसा आणि मनस्ताप दोन्ही बहुधा कोटातच जातात. ट्वीड हे दणकट लोकरी कापड ओले झाले तरी अंगातील ऊब राखते, काट्याकुट्यात सहसा फाटत नाही, आणि त्याचे मातकट, शेवाळी, पिवळट रंग काठावरील झुडपांत मिसळून जातात. मासेमारीस सर्वांत सोयीचा घाट नॉरफोक कोटाचा. त्याच्या पाठीवर व छातीवर उभ्या चुण्या असतात आणि कमरेस त्याच कापडाचा पट्टा असतो. चुण्यांमुळे हात वर नेताना पाठीचे कापड ताणत नाही.

हॅरिस ट्वीडच्या नावाने पुष्कळ कोट विकले जातात. खऱ्या कापडावर गोल आणि त्यावर क्रूस अशी मुद्रा असलेली चिठ्ठी आतून शिवलेली असते. हा शिक्का १९११ पासून मारला जातो, आणि १९९३ च्या कायद्याने तर स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील आउटर हेब्रिडीज बेटांत रंगविलेल्या व कातलेल्या लोकरीचे, तेथील रहिवाशांनी स्वतःच्या घरी हातमागावर विणलेले कापडच या नावास पात्र ठरते. पण ध्यानात ठेवावे की ही मुद्रा कापडाची आहे, शिलाईची नव्हे. उत्तम कापडाचा वाईट बेतलेला कोटही बाजारात असतो.

कोटाचे वय ठरविताना विक्रेत्याच्या तोंडच्या दशकावर न जाता कोटाच्या आतील खुणा वाचाव्यात. दोन सी अक्षरे आणि ४१ हा आकडा मिळून झालेली खूण दिसली तर तो कोट ब्रिटनच्या युद्धकालीन काटकसर-योजनेतील, म्हणजे १९४१ ते १९५२ या मुदतीतील असतो. धुण्याच्या सूचनांची चित्रे असलेली चिठ्ठी मूळचीच असेल तर कोट बहुधा १९७० नंतरचा. नायलॉन वा पॉलिएस्टरसारख्या कृत्रिम धाग्याचे नाव लिहिलेले असेल तर तो १९३० चा असल्याची बतावणी तेथल्या तेथे निकालात निघते.

यानंतर पुढील तपासणी क्रमाने करावी:

- कोट खिडकीसमोर धरून उजेड आरपार पाहावा. कसर लागलेली भोके चांदण्यांसारखी चमकतात.
- कॉलर उलटून त्याखाली आणि खिशांच्या झडपांखाली बोट फिरवावे. कसरीची अंडी व जाळी तेथेच दडलेली असतात.
- काखेतील कापड दोन बोटांत धरून हलकेच ओढावे. फाटलेले अस्तर कोणताही शिंपी बदलून देतो, पण घामाने कुजलेली काख कोणासही दुरुस्त करता येत नाही.
- कोट सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंतचे माप घ्यावे व ते दुप्पट करावे. आपल्या छातीपेक्षा ते निदान ४ इंचांनी अधिक असावे, कारण आत सदरा आणि स्वेटर यायचा आहे. चिठ्ठीवरील मापाचा आकडा विचारातही घेऊ नये. जुन्या आणि आजच्या मापांचा मेळ बसत नाही.
- कोट अंगात घालून उजवा हात, काठी धरली आहे असे मानून, अंगठा कानाशी येईपर्यंत उचलावा. कोटाची कड कमरेवर चढली आणि कॉलर मानेपासून सुटली, तर कोट कितीही देखणा असो, परत करावा.

कोट घरी आणल्यावर इतर कपड्यांजवळ नेण्यापूर्वी हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या शीतपेटीत दोन आठवडे ठेवावा, आणि बाहेर काढल्यावर तो खोलीच्या उष्णतेस येईपर्यंत पिशवी उघडू नये. याने कसर व तिची अंडी दोन्ही मरतात. लहान भोकांसाठी आपल्या शहरांतील रफूगारास गाठावे. त्याच्या हातची विद्या परदेशात दुर्मिळ आणि महाग झाली आहे, आणि ती आपल्या गल्लीत अजून जिवंत असताना तिचा लाभ न घेणे ही मोठीच हानी होय.

ज्यांस मापाचा जुना कोट मिळतच नाही, त्यांच्यापुढे एक उत्तम आणि इतिहासाशी इमान राखणारा पर्याय आहे. ब्रिटिश अमदानीत हिमालयात शिकारीस व मासेमारीस जाणारे अनेक लोक विलायती ट्वीडऐवजी काश्मिरी पट्टूचे, म्हणजे तेथील हातविणीच्या लोकरी कापडाचेच कपडे शिवून घेत. काश्मिरातील पट्टू किंवा कुलूकडील लोकरी पट्टी आजही मिळते. ते कापड आणून, ओले करून आधी आटवून घ्यावे आणि जाणत्या शिंप्याकडून नॉरफोक घाटाचा कोट बेतून घ्यावा. तो नवा असेल, खोटा नसेल.

गुडघ्यापर्यंतची विजार, मोजे, सदरा

गुडघ्याखाली ४ इंच लोंबणाऱ्या घोळदार विजारीस प्लस-फोर आणि २ इंच लोंबणारीस प्लस-टू म्हणतात. छायाचित्रांत पहिली खुलते, पण पायघोळाच्या आत तिचा बोळा होतो, म्हणून पाण्यात उतरणाऱ्यांनी दुसरीच घ्यावी. जुन्या विजारी कमरेवर उंच बसतात आणि त्यांना गॅलिसाच्या गुंड्या असतात; पट्ट्याऐवजी गॅलिसच वापरावे. मोजे जाड लोकरीचे, गुडघ्यापर्यंतचे आणि दोन जोड असावेत. सदरा मळखाऊ चौकटीचा, मऊ फ्लॅनेलचा अथवा लोकर-सुताच्या मिश्र कापडाचा घ्यावा. थंड पाण्याच्या काठी अंगालगत निव्वळ सुती कापड नको, कारण ते ओले झाले की वाळत नाही आणि अंगातील ऊब खेचून घेते.

मेणवलेला कोट

पावसासाठी सुती कापडास मेण चढवून केलेला कोट हा या साजाचा दुसरा आधार. या धंद्यातील प्रसिद्ध बारबर घराणे १८९४ मध्ये इंग्लंडातील साउथ शील्ड्स येथे सुरू झाले. त्यांच्या जुन्या कोटाचे वय चिठ्ठीवरील राजचिन्हांच्या संख्येवरून अजमावता येते: १९७४ पूर्वी एकही नाही, त्यानंतर एक, १९८२ पासून दोन, १९८७ पासून तीन. त्यांचा बिडेल नावाचा नमुनाच मुळी १९८० चा आहे. तेव्हा पन्नाशीच्या दशकातील बिडेल म्हणून कोणी काही दाखवू लागला तर नम्रपणे पुढे जावे.

कोपर, खिशांची तोंडे आणि कॉलरची घडी येथे कापड तडकले आहे काय ते पाहावे. मेण नुसते उडाले असेल तर चिंता नको. कोट थंड पाण्याच्या स्पंजाने पुसून वाळवावा, मेणाचा डबा गरम पाण्यात ठेवून मेण पातळ करावे, फडक्याने शिवणींवर अधिक व इतरत्र कमी असे चोळावे आणि कोट रात्रभर टांगून ठेवावा. साबण, गरम पाणी, धुण्याचे यंत्र आणि ड्रायक्लीनिंग ही चारही त्यास वर्ज्य आहेत. कोटास आंबूस दर्प येत असेल तर तो सहजी जात नाही. असा कोट स्वस्तातही घेऊ नये.

पाय

काठावरून गळ टाकणाऱ्यांस जुने चामडी बूट चालतील, मात्र टाचेजवळची शिवण आणि तळ चर्मकाराकडून नवे करून घ्यावेत. पाण्यात उतरणाऱ्यांनी खिळ्यांचा किंवा आधुनिक रबरी तळ वापरावा. नमद्याचा तळ ओल्या दगडावर छान धरतो, पण त्यात सूक्ष्म शेवाळाचे कण अडकून एका नदीतून दुसऱ्या नदीत जातात, म्हणून न्यूझीलंडने २००८ मध्ये त्यावर बंदी घातली. तळ कोणताही असो, प्रत्येक नदीनंतर सामान तपासणे, धुणे आणि पूर्ण वाळविणे हे तीन संस्कार चुकवू नयेत.

काठी आणि रीळ

चिरलेल्या बांबूच्या सहा त्रिकोणी पट्ट्या चिकटवून षट्कोनी काठी करण्याची कला ही या साजातील सर्वांत सुंदर कारागिरी होय. आरंभीच्या काठ्या कलकत्त्याहून जाणाऱ्या भारतीय बांबूच्या असत. पुढे टोंकिन या नावाने ओळखला जाणारा, पण वस्तुतः दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील बांबू त्याच्या जागी आला. आजोबांची काठी डागाळल्यासारखी, ठिकठिकाणी जळकट रंगाची दिसत असेल, तर तिचा बांबू आपल्याकडचा असण्याचा संभव आहे.

काठी घेताना तिचे सर्व खंड शेजारी शेजारी ठेवून लांबी ताडून पाहावी. शेंड्याचा खंड इतरांहून इंच-दोन इंच आखूड असेल तर तो कधीतरी मोडून नव्याने टोकविलेला आहे असे समजावे. ही गोष्ट विक्रेते क्वचितच आपण होऊन सांगतात, आणि आखूड शेंड्याची काठी माशी नाजूकपणे टाकू शकत नाही. पितळी जोड ओढताना हलका ठप्प आवाज यावा. जोड नुसताच सरकला तर तो झिजला आहे. काठी डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून फिरवावी. किंचित बाक चालतो, पीळ चालत नाही. पट्ट्यांच्या सांध्यावर नख फिरवून कोठे उकल लागते काय तेही पाहावे. ट्राउटसाठी ८ ते ९ फुटांची काठी पुरे.

रिळांत हार्डी बंधूंचे नाव अग्रगण्य आहे. ही पेढी १८७२ मध्ये नॉर्थंबरलँडमधील ॲलनिक येथे स्थापन झाली आणि तिचे परफेक्ट नावाचे रीळ १८९१ पासूनचे. रीळ खोलून आतील स्प्रिंग व दाते पाहावेत आणि दोन थेंब हलके तेल द्यावे. बाहेरचा काळसर थर घासून चकाकी आणू नये, त्याने किंमतही घटते आणि पितळही. जुनी रेशमी दोरी टवटवीत दिसली तरी वापरण्यास नवीच घ्यावी. रेशीमकिड्याच्या रेशीमग्रंथींपासून केलेला पूर्वीचा धागा तर आता केवळ जपून ठेवण्याजोगा. मासा ज्या धाग्यावर खेळवायचा तो नायलॉनचा नवाच हवा, म्हणजे तुटून गळ माशाच्या तोंडात राहणार नाही.

पेटीतील निषिद्ध वस्तू

- शिशाचे मणी. इंग्लंड व वेल्समध्ये ०.०६ ग्रॅमपासून २८.३५ ग्रॅमपर्यंतची शिशाची वजने गळास लावण्यास १९८७ पासून मनाई आहे, कारण ती गिळून हंस मरत. जुन्या पेटीत ती हमखास असतात, बाजूस काढावीत.
- गाठींची जाळी. गाठीदार जाळीने माशाचे खवले व डोळे दुखावतात, आणि इंग्लंडात तिचा वापर नियमबाह्य आहे. जुनी लाकडी चौकट ठेवावी आणि तीत बिनगाठीची जाळी बसवून घ्यावी.
- रानकोंबड्याची पिसे. जुन्या कृत्रिम माश्यांच्या दोन्ही बाजूंस मेणाच्या थेंबासारखा पिवळसर ठिपका असलेले पीस दिसले, तर ते आपल्या सह्याद्रीत राहणाऱ्या राखी रानकोंबड्याच्या मानेचे आहे असे जाणावे. जगभरच्या गळकऱ्यांनी या पिसासाठी त्या देखण्या पक्ष्याचा फार संहार करविला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो आता संरक्षित आहे. आपल्या पेटीत अशा माश्या निघाल्या तर भारतात त्या विकण्याचा किंवा टपालाने परदेशी धाडण्याचा विचार करू नये. ब्रिटनमध्ये बंदिस्त पैदाशीच्या पक्ष्यांची पिसे मिळतात. तेथे खरेदी करताना उगमाचा लेखी दाखला मागावा.

परवाना

इंग्लंडात १३ वर्षे व त्यावरील प्रत्येकास ट्राउटच्या मासेमारीसाठी एन्व्हायरन्मेंट एजन्सीचा परवाना लागतो. परंतु त्या परवान्याने नदीवर उभे राहण्याचा हक्क मिळत नाही. काठाच्या मालकाची अथवा तेथील मंडळाची परवानगी वेगळी घ्यावी लागते, आणि येथेच नवखे फसतात. स्कॉटलंडात सरकारी परवाना नाही, मालकाची परवानगी मात्र हवीच. काश्मीर आणि हिमाचलात मत्स्य विभागाकडून परवाना घ्यावा. हिमाचलात ट्राउटसाठी १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत बंदीचा काळ असतो.

खरेदीतील आपले हक्क

ब्रिटनमध्ये व्यापाऱ्याकडून दूरस्थ पद्धतीने घेतलेली वस्तू, ती जुनी असली तरी, हाती पडल्यापासून १४ दिवसांच्या आत कारण न सांगता परत करण्याचा हक्क कळविता येतो. आणि ती सदोष निघाल्यास ३० दिवसांत नाकारता येते. व्यापारी नसलेल्या खासगी माणसाकडून घेतल्यास हे हक्क लागू होत नाहीत, वस्तू वर्णनाप्रमाणे असावी एवढेच बंधन त्याच्यावर असते. म्हणून वर्णन लेखी मागावे: काठी अखंड आहे काय, शेंडा मूळ लांबीचा आहे काय, कोटास कसर आहे काय. प्रत्यक्ष हजर राहून केलेल्या लिलावातील जुन्या मालाबाबत संरक्षण आणखी तोकडे असते, आणि बोलीच्या रकमेवर लिलाववाल्याची दस्तुरी चढते. ती आधी विचारून मगच हात वर करावा.

भारतातील विक्रेत्याने फसविल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये आपण राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या मुदतीत तक्रार गुदरता येते. पावती, वर्णनाची प्रत आणि वस्तू उघडतानाची छायाचित्रे जपून ठेवावीत. वापरलेल्या कपड्यांची भारतात आयात निर्बंधित सदरात मोडते, त्यामुळे ते परदेशातून टपालाने मागविल्यास जकातीत अडकण्याचा संभव असतो. परदेशातून येताना स्वतःच्या वापराचा कोट स्वतःच्या सामानात आणणेच श्रेयस्कर.

आपल्या हवेत जतन

कोकण, मुंबई आणि पावसाळ्यातील पुणे ही लोकर, चामडे व बांबू या तिघांचीही शत्रुभूमी होय. कोट दमट कपाटात कोंडू नये. स्वच्छ ब्रश मारून, सुती अभ्र्यात घालून टांगावा आणि पावसाने उघडीप दिली की सावलीत हवा द्यावी. वेखंडाच्या कांड्या अभ्र्यात ठेवण्याची आपल्याकडची रीत चांगली आहे, परंतु ती कसरीस दूर ठेवण्यापुरती. आधीच लागलेल्या कसरीवर उपाय शीतपेटीचाच. मेणवलेला कोट इतर कपड्यांपासून हातभर दूर असावा. चामड्याच्या पिशवीवर बुरशी दिसल्यास कोरड्या फडक्याने घराबाहेर पुसावी आणि मगच तेल लावावे, कारण बुरशीवर चढविलेले तेल तिला पोसते. काठी मात्र नदीवरून आल्या दिवशी, कितीही थकवा असला तरी, खंड सुटे करून पुसावी, रात्रभर उघडी ठेवावी, दुसऱ्या दिवशी कापडी पिशवीत घालून पिशवीच्या नाडीने खुंटीस उभी टांगावी; ओली काठी धातूच्या नळीत बंद केली तर एका पावसाळ्यात तिचा सरस सुटतो.